सायनसचं ऑपरेशन करायचं का नाही : घराघरातली भीती आली कुठून आणि ऑपरेशन बदललं कसं

माझ्या लहान भावाला मागच्या महिन्यात जळगावच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी सांगितलं की आता ऑपरेशनचा विचार करा, आणि त्या रात्री आमच्या घरी जे सुरू झालं ते खान्देशातल्या कुठल्याही घरात झालं असतं. आई म्हणली केलं तरी परत होतं म्हणे, मग कशाला. मामा म्हणले डोळ्याच्या अगदी जवळचं काम असतं ते, डोळा जातो. काकूनं तिच्या माहेरच्या एकाचं २०२१ चं सांगितलं, त्याचा वरचा जबडाच काढावा लागला होता. आणि आबा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत, नुसता डाव्या गालावरून हात फिरवत बसले. आबांचं सायनसचं ऑपरेशन १९८६ साली झालेलं आहे.

मी त्यानंतर तीन-चार आठवडे जमेल तसं वाचत होते, डॉक्टरांना परत जाऊन विचारत होते, आणि मला एक गोष्ट लक्षात आली. घरातलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. आईचं बोलणं खरं आहे, मामाचं खरं आहे, काकूचं तर डोळ्यानं पाहिलेलं आहे. फक्त प्रत्येकजण वेगळ्या काळातल्या वेगळ्या ऑपरेशनबद्दल बोलत होता आणि नाव सगळ्यांचं एकच, "सायनसचं ऑपरेशन". म्हणून ही पार्श्वभूमी लिहितेय, कारण हे वेगवेगळं करून बघितल्याशिवाय हो म्हणायलाही अर्थ नाही आणि नाही म्हणायलाही नाही.

भाऊ धरणगावच्या बाजूला एका कापसाच्या जिनिंगवर हिशोबाला आहे. सीझनमध्ये दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, चालू असतात, रुईची बारीक लव हवेत तरंगत असते, कितीही रुमाल बांधा. चार वर्षं झाली त्याचं नाक बंद, घशात मागून घट्ट पिवळं उतरतं, कपाळ आणि डोळ्यांच्या मधोमध जड. दर दोन महिन्यांनी पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या, आठ दिवस बरं, परत तेच. पण आम्हाला खरा धक्का बसला तो मागच्या डिसेंबरमध्ये. मळ्यात भरीत पार्टी होती, बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजायला टाकलेली, अख्ख्या मळ्यात तो खरपूस वास पसरलेला, आणि हा जाळाच्या शेजारी उभा राहून म्हणतो, "ताई, माले वासच येस नही." मला वाटलं सर्दी असेल. तर म्हणला दीड वर्ष झालं, कोणाला सांगितलं नाही. धुळीनंच हे झालं असं डॉक्टर म्हणले नाहीत, धुळीनं वाढतं असं म्हणले.

आता आधी सायनस म्हणजे काय ते थोडक्यात, कारण आपल्याकडे "मला सायनस आहे" असं म्हणायची पद्धत पडलीय, खरं तर सायनस सगळ्यांनाच असतात. चेहऱ्याच्या हाडात हवेच्या पोकळ्या असतात, दोन गालात, दोन कपाळात, दोन्ही डोळ्यांच्या मधे मधमाशीच्या पोळ्यासारखे बारीक बारीक कप्पे आणि अगदी मागं खोलवर अजून दोन. आतून ओलं पातळ अस्तर, त्याच्यावर न दिसणारे बारीक केस, ते केस सारखे हलून आतला शेंबूड एका ठरलेल्या भोकाकडे ढकलतात आणि तिथून तो नाकात येतो. गालातल्या पोकळीची गंमत अशी की तिचं भोक तळाला नाही, वर आहे. गच्चीवरच्या टाकीला तळाची तोटीच नाही, फक्त ओव्हरफ्लोचा पाईप आहे असं समजा. तिथलं पाणी बाहेर काढायचं तर कोणीतरी ते वर चढवायला पाहिजे, आणि ते काम हे बारीक केस रात्रंदिवस करत असतात. वरचं भोक सुजून बंद झालं की टाकी भरली. ही एवढी गोष्ट डॉक्टर लोकांना नीट उमगायला जवळजवळ तीनशे वर्षं गेली, आणि आबांचा गाल त्या तीनशे वर्षांच्या शेवटी-शेवटी सापडला.

गालातल्या पोकळीचं चित्र लिओनार्दो दा विंचीनं पंधराव्या शतकाच्या शेवटी काढलं होतं, पण ते बरीच वर्षं लोकांपुढं आलंच नाही. नाव झालं ते इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोर नावाच्या डॉक्टरचं, १६५१ साली. त्यानं एका बाईची हकीगत लिहून ठेवलीय, तिचा वरचा दात काढला आणि त्या खड्ड्यातून वरच्या पोकळीत रस्ताच झाला, त्यातून सारखं पाणी यायचं. वरच्या दाढांची मुळं आणि गालाची पोकळी यांच्यामधे कधीकधी कागदाएवढंच हाड असतं. त्याच्यामुळे पुढं बरीच वर्षं उपाय हाच, दाढ काढायची आणि त्या खड्ड्यातून पू काढायचा. आजही नाक एकाच बाजूनं वाहतंय आणि घाण वास येतोय तर चांगला डॉक्टर आधी दातवाल्याकडे पाठवतो. दाढ किडलेली ठेवून सायनसचं ऑपरेशन केलं तर पैसे आणि त्रास दोन्ही पाण्यात.

मग १८९० च्या दशकात ते ऑपरेशन आलं जे आबांचं झालं. न्यूयॉर्कच्या जॉर्ज काल्डवेलनं १८९३ ला आणि पॅरिसच्या हेन्री ल्यूकनं १८९७ ला, एकमेकांचं माहीत नसताना, जवळपास सारखीच पद्धत मांडली म्हणून नाव काल्डवेल-ल्यूक. वरचा ओठ उचलायचा, हिरडीच्या वर चिरा द्यायचा, गालाचं हाड फोडून खिडकी करायची, आतलं सगळं अस्तर खरवडून काढायचं आणि नाकाच्या खालच्या बाजूला नवीन भोक पाडायचं म्हणजे पू खाली उतरेल. विचार साधा होता, अस्तर सडलंय तर काढून टाका, पाणी साचतंय तर तळाला भोक पाडा. अँटिबायोटिक नव्हते त्या काळात यानं लोकांचे जीव वाचलेत, हे विसरून चालणार नाही. पण ही पद्धत जवळपास नव्वद वर्षं जगभर मुख्य ऑपरेशन म्हणून चालली, आपल्याकडेही.

आबांना एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. ते सांगतात त्यातलं त्यांना सगळ्यात जास्त आठवतं ते पट्टी काढणं, नाकातून ओढायला सुरुवात केली तर ती संपेचना, हातभर, दोन हात, आणि ते खुर्चीला धरून बसलेले. पंधरा दिवस तोंड सुजलेलं. गालाच्या हाडातून एक नस ओठाकडे आणि वरच्या दातांकडे येते, खिडकी पाडताना तिला धक्का लागतो, आणि त्या बाजूचा गाल, ओठ, हिरडी बधिर होते. बऱ्याच जणांची जाणीव काही महिन्यांत परत येते, आबांची आली नाही. लहानपणी मी सकाळी त्यांना दाढी करताना बघायचे, डाव्या बाजूला ब्लेड लागायचं, रक्ताचा थेंब हनुवटीपर्यंत यायचा आणि आबा गाणं गुणगुणत राहायचे, आई टॉवेल घेऊन धावायची. चहा डाव्या कोपऱ्यातून ओघळायचा. मला आजही याचा राग नाही की ते ऑपरेशन केलं, त्या वेळी तेच होतं. राग याचा आहे की असं होऊ शकतं हे त्यांना आधी कोणी एका शब्दानं सांगितलं नाही, सही घेतली आणि नेलं. आणि चार-पाच वर्षांत नाक परत वाहायला लागलं ते वेगळंच.

का वाहायला लागलं? कारण ते केस. अमेरिकेत अँडरसन हिल्डिंग नावाच्या डॉक्टरनं १९३० च्या पुढे प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की शेंबूड कुठंही वाट फुटेल तिकडे वाहत नाही, तो वरच्या नैसर्गिक भोकाकडेच जातो. खाली कितीही मोठं भोक पाडा, अस्तर जिवंत असेल तर शेंबूड त्या भोकाच्या कडेनं वळसा घालून वरच जाणार. आणि अस्तरच खरवडून टाकलं तर ढकलणारं कोणी राहत नाही. म्हणजे तळाला तोटी लावायची कल्पना त्या पोकळीला मान्यच नव्हती. पण हे कळूनसुद्धा वापरता येत नव्हतं, कारण वरचं भोक नाकाच्या आत अशा अडचणीत आहे की डोळ्यानं दिसतच नाही.

मधल्या काळातल्या एक-दोन गोष्टी पटकन सांगते. आपल्या आजोबांच्या पिढीतले लोक "नाकाला पंक्चर केलं" म्हणतात, ते म्हणजे नाकातून जाड सुई गालाच्या पोकळीत घालून रबरी फुग्याच्या पिचकारीनं पाणी मारून धुणं, दोन-चार आठवड्यांचा आराम मिळायचा. आणि "नाकाचं हाड वाढलं" हे जे गावोगाव ऐकू येतं ते बहुतेक वेळा वाढलेलं नसतं, दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो. थोडाफार वाकडा पडदा असंख्य लोकांचा असतो आणि त्यांना काही त्रास नसतो. पडद्याचं ऑपरेशन आणि सायनसचं ऑपरेशन ही दोन वेगळी कामं आहेत, कधी एकत्र करतात, कधी एकच लागतं, आपल्याला नेमकं कोणतं सांगितलंय ते विचारून घ्या.

आता मामाचा डोळा. डोळ्यांच्या मधले जे पोळ्यासारखे कप्पे आहेत त्यांच्या बाजूची भिंत म्हणजे डोळ्याची खोबण, आणि छत म्हणजे मेंदूचा तळ. भिंत इतकी पातळ की तिला लॅटिनमधे कागदी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर कपाळावर आरसा लावून, उजेड परावर्तित करून, एका अरुंद बोळकांडीत रक्त येत असताना हे कप्पे साफ करायचे, अर्ध्याहून जास्त काम अंदाजानं. हार्वर्डचे हॅरिस मॉशर या कामातले त्या काळचे मोठे नाव, त्यांनीच १९२९ ला लिहून ठेवलं की कागदावर हे ऑपरेशन सोपं आहे पण प्रत्यक्षात पेशंटला मारायचा हा एक सगळ्यात सोपा मार्ग ठरलाय. करणारा माणूसच असं म्हणत होता. तेव्हा डोळा जातो ही भीती कोणाच्या डोक्यातून निघालेली नाही, ती अंधारात काम करण्याच्या काळातून आलीय.

तो अंधार गेला तो तीन गोष्टींनी, आणि त्यातल्या एकीत आपल्या देशाचा माणूस आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. दुर्बीण नाकात घालायचा प्रयत्न जर्मनीत हिर्शमाननं १९०१ लाच केला होता, मूत्राशय बघायची दुर्बीण बारीक करून, पण उजेड कमी आणि चित्र धूसर. १९५४ साली लंडनला हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी, पंजाबातल्या मोग्याचे, यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येतं हे दाखवून दिलं. आज ज्याला आपण फायबर म्हणतो त्याची ही सुरुवात, कपानींना २०२१ ला मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मग १९५९ च्या सुमारास हॉपकिन्सनंच काचेच्या कांड्या बसवून नवीन दुर्बीण केली, पेन्सिलीपेक्षा बारीक नळी आणि चित्र एकदम लख्ख. कार्ल स्टोर्झच्या कारखान्यानं ती बनवायला घेतली आणि दिव्याचा उजेड बाहेर ठेवून तंतूंमधून आत सोडला, म्हणजे नाकात चटका बसत नाही.

ही दुर्बीण ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावच्या वॉल्टर मेसरक्लिंगर यांच्या हातात आली. या माणसानं वर्षानुवर्षं एकच काम केलं, शेंबूड कुठून कुठं जातो ते बघत बसला. हिल्डिंगनं प्राण्यांत दाखवलेलं यांनी माणसाच्या नाकात दाखवलं, आणि त्याच्या पुढची गोष्ट शोधली. गालाची नि कपाळाची मोठी पोकळी भरलेली दिसते पण मूळ दुखणं बहुतेक वेळा तिथं नसतंच, ते असतं डोळ्यांच्या मधल्या त्या अरुंद फटींमधे, जिथं या सगळ्यांचे दरवाजे एकत्र उघडतात. तेवढी फट मोकळी केली की मोठ्या पोकळीला हात न लावता तिचं अस्तर काही आठवड्यांत आपोआप सुधारतं. त्यांचं पुस्तक १९७८ ला आलं. आबांच्या ऑपरेशनच्या आठ वर्षं आधी. हे मी आबांना अजून सांगितलेलं नाही.

तिसरी गोष्ट सीटी स्कॅन. गॉडफ्रे हाउन्सफील्डनं केलेल्या मशिनवर पहिल्या पेशंटचा स्कॅन १९७१ ला लंडनमधे झाला, १९७९ ला नोबेल. एक्सरेत सायनस म्हणजे एकावर एक पडलेल्या सावल्या, सीटीत एकेक काप वेगळा दिसतो, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला कळतं की या माणसाची कागदी भिंत कुठं आहे, मेंदूचा तळ किती खाली आहे, कारण प्रत्येकाचा वेगळा असतो. हे सगळं जोडून १९८५ च्या आसपास मेसरक्लिंगरचे शिष्य हाइन्झ स्टॅमबर्गर आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सचे डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर नेली. केनेडींनी तिला फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी असं नाव दिलं, त्याचंच छोटं रूप म्हणजे फेस, आपल्या रिपोर्टवर एफईएसएस लिहिलेलं असतं ते. बाहेरून चिरा नाही, हिरडी कापत नाहीत, अस्तर जपायचं, नुसते नैसर्गिक दरवाजे मोठे करायचे. पुढे १९९० च्या दशकात मास कापता कापता ओढून घेणारं मशीन आलं, त्याच्यानंतर सीटी बघत हत्याराची जागा दाखवणारं नेव्हिगेशन, २००५ ला अमेरिकेत फुग्यानं दरवाजा रुंद करायच्या पद्धतीला मंजुरी मिळाली, पण पाया तोच.

भावाची सीटीची फिल्म मी स्वैपाकघराच्या खिडकीला लावून बघितली. काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे हाड, राखाडी म्हणजे भरलेलं, एवढं डॉक्टरांनी शिकवलं होतं. कपाळ काळं होतं, डावा गाल अर्धा काळा. पण दोन डोळ्यांच्या मधे, जिथं पोळ्यासारखे काळे कप्पे दिसायला पाहिजे, तिथं नुसता राखाडी गोळा, दोन्हीकडे, आणि वास घ्यायची जागा बरोबर त्याला लागूनच. आई पण बघायला आली, तिला म्हणलं हे बघ इथं हवाच जात नाहीये, तर ती बराच वेळ बोट फिरवत राहिली त्या जागेवर. मला वाटतं चार वर्षांत तिला पहिल्यांदा पटलं की पोरगा उगीच नाक चोळत नव्हता. ज्यांना ऑपरेशन सांगितलंय त्यांनी डॉक्टरांना आपली फिल्म समोर धरून समजावून मागावी, एवढी एक गोष्ट मी जोर देऊन सांगते.

डोळ्याचं म्हणाल तर धोका शून्य झालेला नाही, आकडे सांगते. अमेरिकेत ६२ हजारांहून जास्त पेशंटच्या नोंदींचा एक अभ्यास २०१२ ला आला, त्यात मोठ्या अडचणी १ टक्का, त्यातलाही मोठा वाटा जास्त रक्त जाण्याचा. डोळ्याला इजा ०.०७ टक्के, म्हणजे दहा हजारांत सात, मेंदूभोवतीचं पाणी गळणं ०.१७ टक्के. परत-परत ऑपरेशन झालेल्या नाकात खुणा हरवलेल्या असतात, तिथं काम अवघड होतं.

आता आईचं, परत होतं. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि याच्यात आईची चूक नाही. आधीच्या शंभर वर्षांत डॉक्टरही याला पू साचण्याचा आजार समजत होते, पू काढला की संपलं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत समज बदलली. बऱ्याच जणांत, विशेषतः ज्यांना पॉलिप असतात, म्हणजे आपण ज्याला नाकात मास वाढलं म्हणतो, त्यांच्यात मूळ दुखणं अस्तराच्या सुजेचं असतं, दम्यासारखं, जंतू नंतर येतात. सूज ही शरीराची सवय आहे, ती कापून जात नाही. बेल्जियममधे पॉलिपचं ऑपरेशन झालेल्या लोकांना १२ वर्षांनी परत तपासलं तर जवळपास ७९ टक्के लोकांत पॉलिप परत दिसले, ३७ टक्के लोकांना मधल्या काळात पुन्हा ऑपरेशन लागलं होतं. छोटा अभ्यास आहे पण आकडा डोळ्यात भरतो. मात्र त्याच लोकांचा त्रास १२ वर्षांनीही ऑपरेशनच्या आधीपेक्षा खूप कमी होता. म्हणजे परत होतं हे खरं, उपयोग नाही हे खरं नाही. डॉक्टरांनी भावाला हेच वेगळ्या शब्दात सांगितलं, की भाऊ, मी दार उघडून देतो, आत झाडू तुला रोज मारायचाय. आत्ता तू स्प्रे मारतोस तो गोळ्यावर आपटून परत येतो, दार उघडलं की औषध जागेवर पोचेल. ऑपरेशननंतर स्टेरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं हे महिनोनमहिने, काहींना वर्षानुवर्षं. ज्याला ते जमणार नाही त्यानं ऑपरेशनच्या आधीच हे डॉक्टरला मोकळेपणानं सांगावं.

आणि काकूचं २०२१. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, आला, आपलं राज्य आणि गुजरात यांना सगळ्यात जास्त फटका बसला, केंद्रानं त्याच वर्षी मे महिन्यात राज्यांना हा आजार नोंदणीचा करायला सांगितलं. साखर वाढलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या माणसाच्या सायनसमधे ती बुरशी शिरते आणि काही दिवसांतच हाड नि रक्तवाहिन्या खाते, जीव वाचवायला जबडा, डोळा काढावा लागतो. खान्देशातल्या कितीतरी घरांनी सायनस ऑपरेशन हा शब्द पहिल्यांदा तेव्हाच ऐकला, म्हणून तो तसाच मनात बसला. वर्षानुवर्षं नाक बंद असण्याचा आजार आणि म्युकर या दोन गोष्टींचा संबंध फक्त जागेपुरता आहे. हो, उष्ण प्रदेशात आणि आपल्या देशात बरीच दिसणारी आणखी एक बुरशी आहे, तिची अ‍ॅलर्जी होते, आत चिखलासारखा घट्ट माल साचतो, ती म्युकरसारखी हाडात शिरत नाही पण तो माल औषधानं निघतही नाही, तिथं ऑपरेशन करावंच लागतं. भावाच्या बाबतीत ती शंका आहे, ते आतलं बाहेर काढून तपासल्यावर कळेल.

ज्यांनी अजून सीटीच काढला नाही आणि नुसतं डोकं दुखतं म्हणून सायनस समजून बसलेत त्यांच्यासाठी. २००४ साली अमेरिकेत जवळपास तीन हजार लोक तपासले ज्यांना स्वतःला किंवा डॉक्टरांना वाटत होतं की सायनसचं डोकं दुखतंय, त्यातल्या ८८ टक्क्यांना मायग्रेनच्या प्रकारची डोकेदुखी निघाली. आमच्या शेजारच्या जिजी वीस वर्षं सायनसच्या गोळ्या खात होत्या, त्यांचं निघालं मायग्रेन. जुना सायनस म्हणायला १२ आठवडे त्रास पाहिजे, त्यात नाक बंद किंवा नाक वाहणं यापैकी एक असलंच पाहिजे, सोबत चेहरा दुखणं किंवा वास जाणं, आणि दुर्बिणीत किंवा सीटीत पुरावा. नुसत्या डोकेदुखीसाठी नाकाचं ऑपरेशन करून घेऊ नका.

मग औषध का ऑपरेशन? यावर डॉक्टरांचंही मत हललेलं आहे. २००४ साली लंडनमधे ९० पेशंटचे दोन गट केले, एकाला नुसतं औषध, एकाला ऑपरेशन, वर्षभरानं दोघंही जवळपास सारखेच सुधारले, म्हणून आधी नीट औषध करा ही पद्धत पक्की झाली. नीट म्हणजे स्प्रे रोज, दोन-तीन महिने, चुकवायचा नाही, उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डावीत उजव्या हातानं मारायचा म्हणजे मधल्या पडद्यावर आदळत नाही. आपल्याकडे आठ दिवस मारून सोडून देतात. मग २०२५ ला ब्रिटनमधून पाचशेच्या वर पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात औषध करूनही बरं न झालेले लोक घेतले होते, सगळ्यांचा स्प्रे आणि धुणं चालूच, वरून काहींना ऑपरेशन, काहींना तीन महिने क्लॅरिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाले स्पष्ट पुढे होते, आणि अँटिबायोटिकवाले त्या नुसत्या गोळीपेक्षा काही सरस नव्हते. चार वर्षांत भावानं किती स्ट्रिप संपवल्या ते आठवून मला वाईट वाटलं. २०१९ पासून पॉलिपसाठी इंजेक्शनही मंजूर आहे अमेरिकेत, डुपिलुमॅब, दर दोन आठवड्यांनी घ्यायचं, पण खर्च बघता आमच्यासारख्यांचा तो विषय नाही.

आबांचा जलनेतीवर, म्हणजे नाकातून मिठाचं पाणी सोडून धुण्यावर, विश्वास आहे आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. सुश्रुतसंहितेत प्रतिश्यायाचा, म्हणजे सर्दी-पडशाचा, वेगळा अध्याय आहे, हठयोगातली नेती तर मुळात सुताची, आणि आजचे युरोपातले डॉक्टरही मिठाच्या पाण्यानं नाक धुवा असंच सांगतात. फक्त पाणी उकळून गार केलेलंच पाहिजे, बोअरचं किंवा नळाचं थेट नको. २०११ ला अमेरिकेत लुइझियानात नळाच्या पाण्यानं नेती करून मेंदूत अमिबा गेला, दोन माणसं दगावली.

खर्चाचं एक सांगायचं राहिलं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळं होतं, आता तीच महात्मा फुले जनआरोग्य योजना. तिच्यात कान-नाक-घशाच्या ऑपरेशनचा विभाग आहे, कोणत्या दवाखान्यात कोणतं बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून आधी विचारावं. धुळ्याचं सरकारी मेडिकल कॉलेज १९८० च्या दशकाच्या शेवटी झालं, जळगावला २०१८ ला झालं. आबांच्या वेळी यातलं काहीच नव्हतं, रात्रीच्या गाडीनं जायचं आणि सांगतील ते करायचं.

भावानं दाताच्या डॉक्टरला दाखवून घेतलं, दाढा ठीक आहेत. ऑपरेशन सांगायच्या आधीच त्यानं स्प्रे आणि धुणं तीन महिने एक दिवस न चुकवता केलं होतं, त्यानं घशातलं कमी झालं, वास आला नाही, दुसऱ्या सीटीत मधला राखाडी गोळा तसाच. मागच्या सोमवारी आबा स्वतः म्हणाले मी येतो डॉक्टरकडे. तिथं त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, हिरडी कापणार का, आणि पट्टी किती दिवस ठेवणार. डॉक्टरांनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली, म्हणले आबा, एवढी नळी जाते, चिरा नाही, पट्टी ठेवली तर एक-दोन दिवस, कधी ती आत आपोआप विरघळणारी असते. वास परत येईल का हे भावानं विचारलं, तर ते म्हणले बऱ्याच जणांचा येतो, खात्री देत नाही, आणि आला तरी टिकवणं स्प्रेवर आहे. आबांनी ती नळी उलटसुलट करून बघितली, परत दिली, आणि बाहेर येऊन भावाला म्हणले सीझन संपू दे, रेचे बंद झाले की एप्रिलमधे करून घे, मी थांबतो दवाखान्यात.